भोंग्याची पैज

टार्नी हॉलिसचं डोकं सटकलं की हात आधी पुढं जायचा, विचार मागून यायचा. मार्चमधल्या त्या शनिवारी तिचा हात गेला तो थेट ग्रँट पॅस्कोच्या पंज्यात, आणि सगळ्या गावासमोर कुरागिनचा भोंगा पणाला लागला.

भोंगा मूळचा पिठाच्या गिरणीचा. गिरणी कधीच बंद पडली, भोंगा फूटी क्लबच्या छपरावर चढला तो तिथंच राहिला. मॅच असली की चारही क्वार्टर संपताना टार्नीची डल्सी आत्या खालचं बटण दाबायची आणि तो असा काही कोकलायचा की गव्हाच्या कोठारांवर बसलेले काकाकुवा थव्यानं उडायचे. शेजारच्या येलारिंगकडं हिरवंगार मैदान होतं, नवे दिवे होते, बाकावर बसवून ठेवण्याइतके खेळाडू होते. पण क्वार्टर संपवायला काय, तर डबीतला हॉर्न. शेळी शिंकल्यासारखा. पॅस्को येलारिंग क्लबचा अध्यक्ष. कुरागिनला आला की तो आधी छपराकडं बघायचा, मग माणसांकडं.

आता यात इंग्लंडचं सॉकर कुठून आलं?

कुरागिनची माणसं फूटीची, म्हणजे त्यांच्या देशी फुटबॉलची. अंड्यासारखा चेंडू, हातानं धरा, पायानं हाणा, उडी मारून दुसऱ्याच्या खांद्यावर चढा. मधल्या दोन खांबांतून गेला की सहा पॉईंट, नेम चुकून बाजूनं गेला किंवा खांबाला लागला तरी एक. म्हणजे चुकलं तरी पदरात काहीतरी पडतंच. असल्या माणसांना सॉकर म्हणजे लहान मुलांनी आंघोळीच्या आधी खेळायचं काहीतरी. पण गेल्या उन्हाळ्यात क्रिकेटला अकरा माणसं जमेनात. शनिवारी संध्याकाळी क्लबात बसून करायचं काय? आत्यानं टीव्ही लावला. इंग्लंडात तेव्हा दुपार, आणि त्या वेळेला लागायची ती तिथल्या दुसऱ्या पायरीच्या लीगची मॅच.

सुरुवातीला नुसती टिंगल.

"ह्याला लागलं कुठं? वारा लागला वाटतं."

"आईला हाका मारतोय बघ, लोळून लोळून."

मर्व्ह ओकली म्हणजे मेंढरं कातरणाऱ्यांतला सगळ्यात जुना गडी. तो म्हणाला, "दीड तास पळून शून्य-शून्य? ह्यापेक्षा माझी मेंढरं जास्त स्कोअर करतात." आणि चेंडू खांबाच्या बाजूनं बाहेर गेला की अख्खा क्लब सवयीनं बोट वर करून ओरडायचा, "एक!" मग आठवायचं, इथं त्याचं काहीच मिळत नाही. शून्य ते शून्यच.

टार्नीला सॉकर चावलं ते नेमकं ह्याच गोष्टीमुळं. फूटीत गोल वीस-वीस होतात. माणूस एका हातात मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, धरून खातो, दुसऱ्या हातानं मांडीवर थाप मारतो, झालं. इथं काही नाही, काही नाही, काही नाही, घसा सुकलाय, तरी काही नाही. आणि एकदम चेंडू आत! पहिल्यांदा असं झालं तेव्हा टार्नी उठली कशी ते तिलाच कळलं नाही. हातातली पेस्ट्री पंख्याला जाऊन लागला आणि सॉस मर्व्हच्या टकलावर.

"जिवंत आहेस ना?" आत्यानं विचारलं.

"परत दाखवा," टार्नी म्हणाली. "परत दाखवा तो गोल."

तो गोल थॉर्नकास्टर नावाच्या टीमचा होता. जर्सी तपकिरी-पिवळी, हुबेहूब कुरागिनच्या फूटीची. म्हणजे मफलर घरोघरी आधीच विणलेले. झालं, टीम ठरली. थॉर्नकास्टर शेवटच्या नंबरवर होतं, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. आणि पैजेत टार्नी अडकली ती ह्या काही न वाटण्यामुळंच.

त्या शनिवारी येलारिंगशी सरावाची मॅच होती. मॅच झाल्यावर सगळे शेगडीभोवती, ब्रेडमध्ये सॉसेज आणि कांदा घालून उभे. पॅस्को टार्नीजवळ आला.

"ऐकलं, तुमचे ते इंग्रज पार तळाला गेलेत."

"गेले तर गेले. बरंच आहे."

"बरं आहे?"

"मग? शेवटचा नंबर म्हणजे पुढच्या वर्षी नव्या पोरांतला सगळ्यात भारी पोरगा पहिला आपण उचलायचा. दोन वर्षांत बघ कुठं जातो आम्ही."

मोठ्या फूटीत, म्हणजे देशाच्या लीगमध्ये, असंच असतं. जो शेवटी, त्याला पहिली निवड. तिथं तळाला गेलेला रडत नाही, उलट गालात हसतो. टार्नीनं जन्मापासून हेच बघितलं होतं. जगात कुठं वेगळं असेल हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पॅस्कोनं सावकाश ओठावरचा सॉस पुसला. त्याचे डोळे बारीक झालेले टार्नीनं बघितले. तिची नजर पक्की होती, पण अर्थ लावला चुकीचा. तिला वाटलं, हा कुरागिनला हसतोय. आणि तिचं टाळकं फिरलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीसुद्धा ते ह्याच लीगमध्ये खेळणार, असं तू म्हणतेस?" पॅस्को.

"नाहीतर कुठं जाणार? चंद्रावर?"

"लावतेस पैज?"

"लाव. काय पाहिजे तुला?"

पॅस्कोनं मान वर करून छपराकडं बघितलं. शेगडीजवळची बडबड एकदम थांबली.

"आणि तू हरलास तर?" टार्नीनं विचारलं.

"माझी दोन्ही पोरं पुढचा अख्खा सीझन तुमच्या जर्सीत."

पॅस्कोचे जुळे म्हणजे फाटकाचे दोन खांब. आणि कुरागिनला दर शनिवारी अठरा जण उभे करताना नाकी नऊ यायचे. टार्नीनं हात पुढं केला. दोन क्लबांसमोर दिलेला हात त्या भागात कुणी मागं घेत नाही. शेत विकेल माणूस, पण तेवढं नाही.

आत्यानं तिला बाजूला ओढलं. "भोंगा तुझ्या बापाचा आहे का गं?"

"अगं आत्या, आपण जिंकलेलोच आहोत. नियमच तसा आहे."

सोमवारी टार्नी कामावर गेली ती पॅस्कोच्याच शेडमध्ये. शाळा तिनं दोन वर्षांपूर्वी सोडली होती, तेव्हापासून जिथं कातरणी असेल तिथं ही. कातरलेली लोकर अंगासरशी उचलायची, टेबलावर चादरीसारखी फेकायची, कडेची घाण तोडायची, परत पळायचं. हात एवढे चालायचे की डोक्याला गप्प बसावं लागायचं, म्हणून हे काम तिला आवडायचं. चहाच्या सुट्टीत पॅस्कोची बायको हिलरी गरम स्कोन पाव घेऊन आली. हिलरीचं माहेर इंग्लंडचं. तिनं टार्नीच्या हातात कप दिला आणि तिथंच घुटमळली.

"काय झालं?" टार्नीनं विचारलं.

"त्यानं तुला गंडवलं गं पोरी."

"कुणी?"

"आमच्या ह्यांनी. तिथं शेवटच्या तिघांना पहिला पोरगा वगैरे काही मिळत नाही. ते खाली जातात."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खालच्या लीगमध्ये. त्यांच्या जागी खालचे वर येतात."

टार्नीनं कप खाली घेतला. "आणि नवा पोरगा?"

"कसला नवा? हातात असतात ते चांगले पोरगेसुद्धा विकावे लागतात."

कप फळीवर आपटून टार्नी बाहेर. पॅस्को वाड्यात मेंढरांच्या तोंडात औषध सोडत होता.

"तुला माहीत होतं!"

"होतं की." त्यानं मान वर केली नाही. "आणि तुला विचारायला तोंड होतं."

"चीटिंग आहे ही!"

"चीटिंग कसली? मी एक शब्द खोटं बोललो का? तूच म्हणालीस, चंद्रावर जाणार का. चंद्रावर नाही, खाली जाणार."

हातात आलेला लोकरीचा गोळा तिनं त्याच्या तोंडावर फेकला. मेंढरांनी उड्या मारल्या. पॅस्को लोकर थुंकत हसला. "बरं, जाऊ दे. लहान आहेस. गावासमोर म्हण की कळलं नाही मला, मोडू पैज."

हे मात्र त्यानं म्हणायला नको होतं.

"हात मी दिलाय," टार्नी म्हणाली. "थॉर्नकास्टर खाली जाणारच नाही. तू तुझ्या पोरांच्या जर्सीची मापं पाठव."

गावात कळल्यावर शिव्या बसल्याच. पण शिव्या संपल्यावर गंमत झाली. आतापर्यंत लोक थॉर्नकास्टर बघायचे ते बियरसोबत, तोंडी लावायला. आता कळलं की तळाला दार उघडं आहे आणि त्यातून माणूस खरंच पडतो. मर्व्हनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे हे बिचारे इतके दिवस जिवावर उदार होऊन खेळत होते, आणि आपण हसत होतो?"

त्यानंतर हसणं बंद. आठवड्यातल्या मॅच इथं पहाटे असायच्या, तर मेंढरं कातरायला जायच्या आधी गाड्या क्लबाबाहेर उभ्या. शेडमध्ये रेडिओवरची गाणी गेली, बाकीच्या टीमांचे निकाल आले. कोण कुणाशी हरलं तर आपला फायदा, ह्यावर भांडणं. मेंढरू अर्धं कातरून मर्व्ह विचारायचा, "टार्नी, आपल्या वरचे परवा कुणाशी?" आणि टार्नी लोकर उचलता उचलता सांगायची. थॉर्नकास्टरनं पण मान टाकली नव्हती. एक जिंकले, एक बरोबरीत सोडवली, परत जिंकले. शेवटची मॅच राहिली तेव्हा हिशोब सरळ होता. जिंकले तर राहिले. नाहीतर गेले.

ती मॅच आली मेमधल्या एका शनिवारी, संध्याकाळी साडेसातला. पेरणीचे दिवस. एरवी ट्रॅक्टर रात्रीसुद्धा दिव्यावर चालतात, त्या दिवशी शेतात उभे. क्लबात पाय ठेवायला जागा नाही, सगळं तपकिरी-पिवळं. पॅस्को आला तो पान्यांची पेटी घेऊन.

"एवढी घाई?" आत्या काउंटरमागून म्हणाली.

"नट गंजलेले असणार, डल्सी. वेळ लागेल."

"बस तिकडं कोपऱ्यात. आणि बियर तुला शेवटी मिळेल."

हिलरी नवऱ्याबरोबर बसलीच नाही. सरळ टार्नीशेजारी आली, गळ्यात कुणाचा तरी कुरागिनचा मफलर. पॅस्कोनं भुवया वर केल्या, तर म्हणाली, "माझ्या माहेरच्यांना पोरीशी पैज लावून हसत नाहीत."

मॅच सुरू झाली. टार्नीच्या हातात लेमोनेड, ते तिनं शेवटपर्यंत प्यायलंच नाही. पहिल्या हाफच्या अखेरीला कॉर्नर मिळाला. डेंटन नावाचा थॉर्नकास्टरचा पुढचा गडी, नाक मोडलेला, गर्दीतून वर आला आणि चेंडूला डोकं असं दिलं, जसा बोकड फाटकाला देतो. आत! क्लबाच्या खिडक्या हादरल्या. मर्व्हनं आत्याचा मुका घेतला, आत्यानं त्याला टॉवेल मारला. टार्नी टेबलावर उभी राहून पॅस्कोला हातानं खुणावत होती: एवढी छाती, एवढी उंची, दोन जर्सी.

दुसऱ्या हाफमध्ये ते मागं मागं सरकायला लागले. टार्नीनं ते सगळ्यांच्या आधी बघितलं.

"मागं का जातायत हे? पुढं जा की! राखत बसू नका, मारा!"

"दमलेत गं," हिलरी म्हणाली.

"दमले तर दमले, मागं कशाला जायचं!"

आणि झालंच. बाजूनं एक साधा चेंडू आला, गोलकीपर पुढं येऊ की नको करत राहिला, एक-एक. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. बरोबरीचा काही उपयोग नव्हता.

शेवटची मिनिटं. अख्खा क्लब उभा. थॉर्नकास्टरचा गोलकीपरसुद्धा पुढं आलेला. चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून डेंटनच्या समोर पडला, आणि समोर गोल जवळजवळ मोकळा. त्यानं मारला. समोरचा गोलकीपर हरला, चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागला, रेषेवरून सरपटत गेला, पलीकडच्या खांबाला घासला आणि बाहेर.

त्या शांततेत एकच आवाज घुमला. "एक!"

सगळ्यांनी वळून बघितलं. पॅस्को कोपऱ्यात खुर्चीवर उभा होता. बोट वर, चेहरा लालबुंद, कपाळाच्या शिरा टरारलेल्या.

"एक पॉईंट! खांबाला लागला! जिंकलो..." त्याला मधेच आठवलं. बोट हळूहळू खाली आलं.

"जिंकलो?" हिलरीनं विचारलं. "कोण जिंकलो, ग्रँट?"

पॅस्को खुर्चीवरून उतरला. तेवढ्यात शिट्टी वाजली. पडद्यावर डेंटन गवतात तोंड खुपसून पडला होता आणि यावेळी त्याला वारा लागला असं कुणी म्हणालं नाही. मर्व्ह भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आपल्यापासून अर्ध्या जगावर एक गाव, त्यातलं एक माणूस ओळखीचं नाही, आणि इथं धटिंगण शेतकरी बाहीनं डोळे पुसतायत.

टार्नी रडली नाही. रडायला वेळ नव्हता. ती सरळ कोपऱ्यात गेली आणि पेटी उघडून मोठा पाना काढला.

"राहू दे गं," पॅस्को म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "तुला कळलं नव्हतं. मला माहीत होतं. राहू दे तो वर."

"हात दिला होता की नाही मी?"

"दिला होतास, पण..."

"मग शिडी धर."

"टार्नी..."

"शिडी धर म्हणाले ना! दया कुणाला दाखवतोस? कुरागिनला?"

त्यानं शिडी धरली. नट खरंच गंजलेले होते. टार्नी छपरावर गुडघ्यावर बसून एकेकाशी झगडली, बोटं सोलली, आणि खालून अख्खं गाव टॉर्च धरून उभं. कुणी वर यायला लागलं की ती ओरडायची, "माझं मी करते!" शेवटी दोरीनं भोंगा खाली सोडला आणि पॅस्कोच्या गाडीत ठेवला. आत्यानं त्याच्यावर पोतं पांघरलं, पावसानं भिजू नये म्हणून.

"काळजी घे त्याची," आत्या म्हणाली. "दाबताना बटण थोडं डावीकडं दाबावं लागतं."

पॅस्को गाडीत बसला, पण गाडी लगेच सुरू झाली नाही.

"खाली गेलेले परत वर येतात का?" मर्व्हनं हिलरीला विचारलं.

"येतात. सगळे नाही. जिंकावं लागतं."

"आणि खालच्या लीगच्या मॅच टीव्हीवर लागतात का?"

"कधी कधी."

"लागायला पाहिजेत," टार्नी म्हणाली. "डिश बदला, काहीतरी करा. ऑगस्टमध्ये सुरू होतं. आपण सगळे असणार." तिनं विचारलं नाही, सांगितलं. आणि कुणी नाही म्हणालं नाही.

पुढच्या शनिवारी कुरागिनच्या मैदानावर नेमका येलारिंगशीच सामना होता. पॅस्कोच्या पोरांनी भोंगा घरी बसवून तयारच ठेवलाय म्हणे, अशी चर्चा. तो कुरागिनला आणायची पॅस्कोची तयारी होती, नुसता वाजवायला, पण टार्नीनं निरोप पाठवला: तुझा भोंगा तुझ्या मैदानावर.

"मग क्वार्टर कशानं संपवायचं?" आत्या वैतागली. "चमच्यानं ताट बडवू?"

"माझ्याकडं बघ फक्त," टार्नी म्हणाली, आणि मॅचच्या आधी मैदानाभोवती फेरी मारून आली.

तिकडं मैदानाच्या कडेनं गाड्या नाक आत करून लावतात. थंडी असली की लोक काचेमागं बसूनच मॅच बघतात. टार्नी प्रत्येक खिडकीत वाकली, काहीतरी बोलली, पुढं गेली. मग छपरावर चढली. भोंगा होता तिथं चार भोकं राहिली होती, त्यांच्यावरच पाय रोवून उभी राहिली, मफलर हातात.

सामना सुरू झाला. कुरागिनकडं कसेबसे अठरा. येलारिंगचे जुळे दोघं मिळून चौघांना आडवं करत होते, तरी पोरं हटली नाहीत. खाली आत्या घड्याळ धरून बसलेली. तिनं हात वर केला. टार्नीनं मफलर खाली ओढला.

आणि मैदानाभोवतालच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. जीप, ट्रक, म्हाताऱ्या मर्व्हचा खटारा, एकाचा तर गव्हाचा ट्रेलर ओढणारा अजस्र ट्रक, त्याचा आवाज पोटातून आल्यासारखा. कोठारांवरचे काकाकुवा उडाले ते शेजारच्या शेतात जाऊन बसले. येलारिंगची पोरं कान धरून उभी राहिली. अंपायरनं चेंडू टाकून दिला. टार्नीला वरून सगळं दिसत होतं. पाहुण्यांच्या रांगेत पॅस्कोची गाडी होती. पॅस्को हाताची घडी घालून समोर बघत बसला होता, आणि शेजारच्या सीटवरून हिलरी आडवी होऊन दोन्ही हातांनी त्याचा हॉर्न दाबत होती.

आवाज थांबेना. टार्नी मफलर फिरवत होती, कोणी ऐकायलाच तयार नाही.

"अगं बास! बास करा!" आत्या खालून कोकलली. "बॅटऱ्या उतरतील! अजून तीन क्वार्टर आहेत!"